सोडलं म्हणजे कुठं सोडलं?

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. परवा आईशी फोनवर बोलताना मामांचा विषय निघाला, मामांवरून मळ्याचा, मळ्यावरून विहिरीचा, आणि विहिरीवरून अर्थातच त्या बिबट्याचा. म्हटलं आता लिहूनच टाकावं. थोडं लांबेल, पण चहा घेऊन बसा.

२००२ चा हिवाळा. मी मामांकडे गेलो होतो. पहाटे कुत्र्याच्या मागे धावताना एक बिबट्या शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत पडला. आमच्याकडच्या विहिरींना कठडा नसतो, माणसंसुद्धा अंधारात जपून चालतात, तर त्याची काय कथा! सकाळी आठला विहिरीभोवती निम्मं गाव गोळा झालेलं. खाली पाण्यात मोटारीच्या पाइपाला दोन्ही पंजांनी मिठी मारून तो लोंबकळत होता. वर बघायचा, गुरगुरायचा, आणि पुन्हा दमून पाइपाला डोकं टेकायचा. कुणीतरी घरातली बाज आणली, चार कोपऱ्यांना दोर बांधले आणि ती खाली सोडली. तो तिच्यावर चढून बसला. अगदी शहाण्या मांजरासारखा. दुपारी वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आली. पिंजरा खाली सोडला, बराच वेळ काही होईना, आणि मग एकदम तो उडी मारून आत शिरला. वरून दार पाडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मीही वाजवल्या. घशात आवंढा आला होता हे कबूल करायला हरकत नाही.

पिंजरा गाडीत चढत असताना मामांनी तिथल्या वनरक्षकाला विचारलं, "आता सोडणार कुठं ह्याला?"

"लांब. जंगलात."

"लांब म्हंजे तिथं बी कोणाचं तरी गाव असंलच की."

सगळे हसले. मामांचा स्वभाव तसा खवचट, त्यामुळे ते गमतीत बोलले असं सगळ्यांना वाटलं. मलाही. त्या प्रश्नात किती अर्थ होता हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. मला एकट्याला नाही, शहाण्यासुरत्या लोकांनाही लागली. आजचा लेख त्या प्रश्नाचा इतिहास आहे असं म्हणा.

*

जखमी, अडकलेल्या, आई मेलेल्या जंगली जनावराला वाचवायचं आणि परत रानात सोडायचं, ही कल्पना ऐकायला इतकी साधी आणि चांगली वाटते की तिच्यावर शंका घ्यावीशीच वाटत नाही. आमच्या पिढीच्या मनात ती घट्ट बसवली ती एल्सानं. १९५६ साली उत्तर केनियात जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्या अंगावर एक सिंहीण धावून आली, त्यांनी गोळी घातली, आणि मग लक्षात आलं की तिची तीन पिल्लं तिथेच कपारीत होती. दोन पिल्लं रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेली. तिसरी एल्सा. जॉय आणि जॉर्ज या जोडप्यानं तिला वाढवलं, शिकार करायला शिकवलं आणि मेरूच्या रानात सोडलं. १९६० साली 'बॉर्न फ्री' हे पुस्तक आलं, १९६६ ला चित्रपट आला, आणि जगभरच्या लोकांनी डोळे पुसले.

पण या गोष्टीचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. एल्सा जानेवारी १९६१ मध्ये गोचिडांमुळे होणाऱ्या तापानं मेली. तिच्या मागे तिची रानातच जन्मलेली तीन पिल्लं राहिली. एका वर्षाची, शिकार नीट न येणारी. ती आसपासच्या लोकांच्या शेळ्यामेंढ्या मारू लागली. त्यातल्या एकाला कुणीतरी बाणही मारला. शेवटी अ‍ॅडमसन दांपत्यानं ती तिन्ही पकडली आणि कित्येक शे किलोमीटर दूर सेरेंगेटीत नेऊन सोडली. पुढे ती दोघं महिनोन् महिने त्यांना शोधत फिरली. म्हणजे बघा, या सगळ्या कथेची जी आद्यकथा, तिच्यातसुद्धा शेवटी तोच प्रसंग आहे. जनावर लोकांच्या गुरांवर पडलं, म्हणून उचललं आणि लांब नेऊन सोडलं. मामा तिथे असते तर त्यांनी मसाई गुराख्यांच्या वतीनं तोच प्रश्न विचारला असता.

आपल्याकडे हा प्रयोग केला अर्जन सिंग यांनी, उत्तर प्रदेशात दुधव्याच्या कडेला. आधी प्रिन्स नावाचा बिबट्या, मग हॅरिएट आणि ज्युलिएट या मादया. आणि १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून आणलेलं वाघिणीचं पिल्लू, तारा. त्यासाठी इंदिरा गांधींची परवानगी होती. १९७८ मध्ये तारा रानात गेली ती गेलीच, परत आली नाही. प्रयोग फत्ते! पण त्याच सुमाराला दुधव्याच्या आसपास माणसं मरायला लागली आणि संशयाचं बोट ताराकडे गेलं. १९८० मध्ये एक वाघीण मारली गेली, ती ताराच असं अधिकारी म्हणाले. अर्जन सिंगांनी ते कधीच मानलं नाही. २०१० च्या एक जानेवारीला ते गेले तोवर हा वाद मिटला नव्हता. वर आणखी एक गोष्ट निघाली. ताराच्या वंशात सैबेरियन वाघाचं रक्त मिसळलेलं होतं, म्हणजे दुधव्याच्या वाघांमध्ये परकं रक्त शिरलं अशी टीका झाली. माणूस वाईट होता का? मुळीच नाही. जीव ओवाळून टाकणारा माणूस होता. पण नुसता जीव ओवाळून भागत नाही, हाच तर मुद्दा आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं हेमलकसा. १९७३ साली डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताई भामरागडच्या रानात गेले ते माडिया लोकांवर उपचार करायला. एकदा शिकार करून येणाऱ्या माडियांकडे त्यांना एक मेलेली माकडीण दिसली आणि तिच्या अंगाला चिकटलेलं जिवंत पिल्लू. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं. तिथून ते अनाथालय उभं राहिलं. अस्वलं, बिबटे, हरणं, साप, मगरी, काय काय. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आमट्यांनी फारसं कधी 'हे सगळे परत रानात जातील' असं सांगितलं नाही. आई मेलेलं, माणसाच्या हातून दूध प्यायलेलं बिबट्याचं पिल्लू रानात परत जात नाही. ते जन्मभर सांभाळावं लागतं. हेमलकशात ते सांभाळलं. ही गोष्ट जुन्नरच्या लोकांना पुढे फार महाग पडून कळली.

*

आता जुन्नरकडे वळू.

बाहेरच्या लोकांना वाटतं की जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला. आमच्याकडे तसं सरळ नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड हा पट्टा पूर्वी बाजरी, ज्वारी, हरभऱ्याचा. सत्तरच्या दशकापासून पुढे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, आरेवर पिंपळगाव जोगे, घोडवर डिंभे. कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला, उसामागून विघ्नहरसारखे कारखाने आले. मामांच्या लहानपणी जिथे कोरडवाहू होतं तिथे बारा महिने आठ-दहा फूट उंच, दाट, गार हिरवी भिंत उभी राहिली. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. बिबट्याला आणखी काय हवं? आडोसा आहे, पाणी आहे, आणि वस्तीवस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं, कोंबड्या आहेत. वाघाला जंगल लागतं, बिबट्याला आडोसा पुरतो. त्यानं उसालाच रान मानलं. मादया उसात व्यायल्या, पिल्लं उसात वाढली, आणि त्या पिल्लांना सह्याद्रीचं रान म्हणजे काय ते ठाऊकही नाही. 'गावात आलेला बिबट्या' असं आपण म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा कुठून आलेला नसतोच. तो तिथलाच असतो.

मामा सांगतात, सुरुवातीला लोकांना त्याचं फार काही वाटलं नाही. एखादी शेळी गेली, कुत्रं गेलं, की शिव्या घालायच्या आणि गोठ्याला दार लावायचं. आदिवासी पट्ट्यात तर वाघोबाची ठाणी पहिल्यापासून आहेत, अकोल्याकडचे महादेव कोळी दिवाळीत वाघबारस करतात. वाघोबा म्हणजे वाघही आणि बिबट्याही. तो आहे हे गृहीत धरून त्याच्याशी काहीतरी देणंघेणं ठेवायचं, असा तो जुना व्यवहार.

मग लोक तक्रारी करू लागले, पिंजरे लागू लागले, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूर सोडायला सुरुवात झाली. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे हे सगळ्यात दयाळू काम होतं. गोळी घालायची नाही, जन्मभर कोंडायचं नाही. पकडायचं आणि 'त्याच्या घरी' जंगलात नेऊन सोडायचं. कायदाही तेच सांगतो की पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे नेणं यातलं काहीच शक्य नसेल तरच मारायची परवानगी द्यावी. जुन्नर आणि आसपासच्या भागातून शंभराहून अधिक बिबटे असे उचलले गेले. मामांच्या शेजारच्या विहिरीतला तो त्यातलाच एक असणार.

आणि मग काय झालं? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या नोंदी जमवून मांडल्या. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर विभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. पकडून सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांमधल्या प्राणघातक हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. हा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. पण लोकांना त्याआधीच कळायला लागलं होतं की काहीतरी उलटं होतंय. जितके पिंजरे जास्त, तितकी भीती जास्त.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा किती वेळ तसाच बसून राहिलो. त्या टाळ्या आठवल्या.

*

असं का व्हावं? कारण समजून घेतलं की वाटतं, हे आधी कसं सुचलं नाही!

बिबट्या म्हणजे एसटीचं पार्सल नाही, की उतरवलं तिथे राहील. प्रत्येक मोठ्या बिबट्याची आपली एक हद्द असते. कुठल्या बांधावरून जायचं, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं बांधलेलं असतं, माणसं किती वाजता पाणी द्यायला येतात, कुठल्या ओढ्यात लपायचं, हे त्याला पाठ असतं. या माहितीच्या जोरावरच तो माणसाला टाळतो. वर्षानुवर्षं तुमच्या घरामागून जातो आणि तुम्हाला दिसत नाही, ते यामुळे. त्याला पकडलं, पिंजऱ्यात दोन-चार दिवस लोकांच्या गोंगाटात ठेवलं (पिंजऱ्याला धडका मारून दात तुटतात, तोंड रक्तबंबाळ होतं), आणि अनोळखी मुलखात सोडलं, की ही सगळी माहिती शून्य. त्यात जिथे सोडलं तिथे आधीच दुसरे बिबटे असतात, ते याला टिकू देत नाहीत. हा घाबरलेला, उपाशी, जखमी प्राणी घरची वाट धरतो. ती वाट कुणाच्या तरी गावातूनच जाते. मामांचं गाव नसेल, दुसऱ्या कुणाच्या मामांचं असेल.

इकडे मागे काय होतं? रिकामी झालेली हद्द रिकामी राहत नाही. आसपासचे तरुण नर येतात. त्यांना ना वाटा माहीत, ना माणसांच्या वेळा. पकडलेली मादी असेल तर तिची अर्धवट वाढलेली पिल्लं मागे राहतात. शिकार नीट न येणारी, भुकेली. एल्साच्या पिल्लांसारखीच.

म्हणजे एका पिंजऱ्यातून दोन ठिकाणी अडचण उभी राहते. एक सोडलं तिथे आणि एक पकडलं तिथे.

मुंबईतही याच काळात हेच चाललं होतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये २००४ च्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसं गेली. पेपरांचे मथळे तुम्हाला आठवत असतील. शहरातून आणि बाहेरून पकडलेले बिबटे त्या उद्यानात आणून सोडले जात होते, याकडे पुढे अभ्यासकांनी लक्ष वेधलं. हल्ले झाले की आणखी पिंजरे, आणखी पिंजरे की आणखी गोंधळ.

*

या साऱ्यात एका बिबट्यानं स्वतःच्या पायांनी साक्ष दिली.

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. (पुन्हा विहीर!) वयस्क, शांत, फारशी आदळआपट न करणारा. म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बसवला, शेपटीत चिप बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. पट्टा दर थोड्या वेळानं तो कुठे आहे ते कळवत होता.

आजोबा चालायला लागला. बहुतेक रात्रीचा. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, वसईच्या बाजूला पोचला, खाडी पोहून पार केली आणि थेट बोरिवलीच्या उद्यानात जाऊन थांबला. महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर. इतक्या दाट वस्तीतून गेला आणि वाटेत एकाही माणसाला त्यानं काही केलं नाही. बहुतेकांना तो गेला हे कळलंही नाही.

त्याला कुठे जायचं होतं ते त्यानं आपल्याला सांगितलं, फक्त आपण आधी विचारलं नव्हतं. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका गाडीची धडक बसून तो मेला. शेपटीतल्या चिपवरून ओळख पटली. २०१४ मध्ये त्याच्यावर 'आजोबा' नावाचा सिनेमा आला, ऊर्मिला मातोंडकर त्यात संशोधक झाली होती. आईनं तो टीव्हीवर पाहिला आणि शेवटी रडली. मी तिला म्हटलं, अगं हा त्या विहिरीतल्याचा चुलतभाऊ.

त्याच सुमाराला अकोले तालुक्यात विद्याताईंनी आणखी एक मोठं काम केलं. शेतांमध्ये कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ मध्ये ते छापून आलं. जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात तिथे १०० चौरस किलोमीटरला ५ च्या आसपास मोठे बिबटे, आणि तितकेच तरस. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. इतके बिबटे दारात, तरी माणसांवरचे जीवघेणे हल्ले तिथे त्या काळात होत नव्हते. म्हणजे बिबट्या जवळ असणं आणि बिबट्यानं मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये काय असतं, तर बहुतेक वेळा आपलीच एखादी ढवळाढवळ.

एप्रिल २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं बिबट्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पकडून दूर सोडण्याची ही पद्धत टाळा, असं त्यात सांगितलं. मामांचा प्रश्न दहा वर्षांनी दिल्लीला पोचला म्हणायचा.

*

या इतिहासातलं सगळ्यात सुंदर पान आता सांगतो. उसातल्या पिल्लांचं.

ऊसतोड दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. टोळी फडात शिरते, कोयते चालू होतात, आणि मधेच कुणीतरी ओरडतं. पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिल्लं, कधी डोळेही न उघडलेली. मादी शिकारीला किंवा आवाजानं बाजूला गेलेली. पूर्वी काय व्हायचं? पिल्लं 'अनाथ' ठरायची. लोक हाताळायचे, फोटो काढायचे, दूध पाजायचे, आणि मग ती वनखात्याकडे जायची. वाचवली! पण ती अनाथ नव्हतीच मुळी. त्यांची आई शेजारच्या फडात अंधार पडायची वाट बघत होती. रात्री ती यायची, पिल्लं नाहीत म्हणून सैरभैर व्हायची. आणि पिल्लं जन्मभर पिंजऱ्यात. कारण बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईमागे फिरून शिकतं. काय मारायचं, कसं मारायचं, आणि मुख्य म्हणजे माणसापासून लांब कसं राहायचं. हे शिक्षण आपण देऊ शकत नाही. माणसाच्या हातून वाढलेल्याला माणसाची भीती राहत नाही, आणि भीती नसलेला बिबट्या रानात सोडणं म्हणजे दुधव्याचा वाद पुन्हा ओढवून घेणं.

जुन्नरजवळ माणिकडोहला २००२ पासून बिबट्या निवारा केंद्र आहे. तिथले पशुवैद्य आणि वनखात्याचे लोक यांनी पुढे एक वेगळी रीत बसवली. पिल्लं सापडली की त्यांना दूर न्यायचं नाही. तोडणी थांबवायची, डॉक्टर येऊन तपासतात, गोचीड काढतात, चिप बसवतात. मग संध्याकाळी, ज्या जागी पिल्लं सापडली बरोब्बर त्याच जागी, ती एका उघड्या क्रेटमध्ये किंवा खोक्यात ठेवायची. शेजारी कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं. बस्स. रात्री आई येते. आजूबाजूला बघते, हुंगते, खोकं पंजानं आडवं करते आणि एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते. दुसऱ्या पिल्लासाठी परत येते. कधी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा मांडामांड.

अशा कॅमेऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रफिती मी पाहिल्यात. त्यात माणूस कुठेच नसतो. मला वाटतं म्हणूनच त्या बघवतात. पन्नास वर्षांच्या खटाटोपानंतर 'पुनर्वसन' म्हणजे काय, याचं आपल्याला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हे, की खोकं ठेवा आणि घरी जा.

आणि यात खरा त्याग कुणाचा, तर त्या टोळीचा आणि शेतकऱ्याचा. तोडणी थांबली की टोळीची मजुरी बुडते. ज्याच्या फडात मादी आहे त्यानं रात्री घराबाहेर पडायचं नाही. तरी लोक फोन करतात, थांबतात. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

*

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण मामांना वाचून दाखवला तर ते म्हणतील, "अर्धंच सांगितलंस."

कारण माणिकडोहच्या पिंजऱ्यांमध्ये असे कितीतरी बिबटे आहेत ज्यांना परत जायला जागाच नाही. कुणाचा पाय सापळ्यात गेला, कुणाचे सुळे पिंजऱ्यावर तुटले, कुणी लहानपणी 'वाचवलेला', कुणावर माणूस मारल्याचा संशय. त्यांना सोडणं धोक्याचं, मारणं कायद्यात बसत नाही, ठेवायला जागा अपुरी. काहींना २०२४ मध्ये गुजरातेत जामनगरला हलवलं.

आणि उसातले बिबटे कमी झालेले नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसं गेली. त्यांत दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर आले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. एक बिबट्या गोळी घालून मारला. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात खुरपायला जाणाऱ्या माणसांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. ते बघून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आपल्या कुत्र्यांना आपण असे पट्टे घालतो.

तेव्हा मामांना फोन केला. मी माझी सगळी विद्वत्ता पाजळली, ४ चे १७ झाले, आजोबा, अकोले, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खरं असंल रे. पर लाइट रात्रीची येती. पाणी द्यायला मलाच जावं लागतं, तुला नाही."

यावर मला उत्तर नव्हतं, आजही नाही. पकडून लांब सोडल्यानं हल्ले वाढतात हे खरं. पण 'सोडू नका' एवढं सांगून आपण शहरात झोपायचं आणि त्यांनी अंधारात पाण्याचं दार वळवायचं, हाही न्याय नव्हे. मादीला पिल्लं परत देणं हे मला आजही योग्यच वाटतं. पण त्याच्या जोडीला दिवसा वीज, बंद होणारे गोठे, घराजवळ मोकळी ठेवलेली जागा, विहिरींना कठडे, गेलेल्या जनावराची भरपाई वेळेवर, आणि माणूस मारणारा नक्की कोणता ते ओळखून फक्त त्यालाच पकडणं, हे सगळं आलं पाहिजे. वाचवण्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न आपण टाळ्या वाजवताना विचारला नाही. आता नसबंदीची चर्चा चालू आहे. होईल, न होईल. पण त्यानं आज रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला काही मिळत नाही.

गेल्या मे महिन्यात मळ्यावर गेलो होतो. शेजारच्या त्या विहिरीला आता जाळी आहे. ज्या बाजेवर तो बिबट्या बसला होता ती अजून आहे. तिच्या एका खुरावर नखांचे ओरखडे आहेत, मामांचा नातू येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवतो. मी मामांना विचारलं, "तेव्हा तुम्ही तो प्रश्न विचारलात, तो कसा काय सुचला?"

ते म्हणाले, "त्यात काय सुचायचं? आपण उंदीर पकडून शेजाऱ्याच्या दारात सोडतो का?"

असो. फार लांबलं. नातवाला रात्री एकटं बाहेर सोडू नका, एवढं मामांना सांगून निघालो. ते हसले. त्यांना काय ते आपण सांगायचं!